जागतिक क्रमवारी आणि आपली कायद्याची महाविद्यालये



या व्यासपीठावरून विद्यापीठांविषयी बोलावे, असे चिटणीसांनी सुचविले तेव्हा मी त्यांना म्हणालो की, मी आयुष्यात एकदाही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. ते म्हणाले, "म्हणूनच बोला." तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

माझे गाव पोलादपूर तालुक्यातील कापडे. वडील मुंबईत गिरणीच्या साचेखात्यात होते. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, त्या संपाने त्यांची नोकरी गेली आणि ते गावी परतले. माझी शाळा दहावीला सुटली. पुढे महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलो, तेथून युनियनच्या कामात ओढला गेलो, आणि गेली तीस वर्षे तेच करीत आहे. कायदा मी शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात, वकिलांच्या मागे दप्तर घेऊन हिंडताना. वकील चांगला असला म्हणजे काय होते आणि नसला म्हणजे काय होते, हे मी पुस्तकात वाचलेले नाही, कामगारांच्या घरात पाहिलेले आहे.

गेल्या शिमग्याला गावी गेलो होतो. शेजारच्या घरातला बारावीचा मुलगा मोबाइल घेऊन आला. त्याला वकील व्हायचे आहे. जगातील कायद्याच्या उत्तम विद्यापीठांची यादी त्याने उघडून दाखवली आणि विचारले, "आप्पा, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज यात कुठंच नाही. बाबासाहेब तिथं प्राचार्य होते म्हणता, मग ते कॉलेज वाईट आहे काय?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. "पाहून सांगतो" म्हणालो. नंतर या याद्या कशा करतात ते समजेल तेवढे वाचून काढले. आजचे भाषण म्हणजे त्या मुलाला द्यावयाचे उत्तर आहे. उशिरा का होईना, ते पुरे द्यावे म्हणतो.

याद्या कोण करते आणि कशी?

प्रथम हे लक्षात घ्यावे की, या याद्या कोणत्याही राष्ट्रसंघाने किंवा सरकारांच्या परिषदेने ठरविलेल्या नाहीत. पहिली मोठी यादी 2003 साली चीनमधील शांघायच्या एका विद्यापीठाने काढली. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील 'टाइम्स हायर एज्युकेशन' हे साप्ताहिक आणि 'क्यूएस' ही कंपनी यांनी मिळून दुसरी काढली. 2010 पासून या दोघांची चूल वेगळी झाली आणि दोन याद्या निघू लागल्या. त्यांतील 'क्यूएस' विषयवार यादीही काढते. कायदा या विषयाची तिची यादी आपल्याकडील वर्तमानपत्रे मोठ्या अक्षरात छापतात. त्या मुलाच्या हातात होती ती हीच.

आता या यादीतील गुणांची वाटणी पाहा. कायद्याच्या बाबतीत शंभरांपैकी सुमारे पन्नास गुण जगभरच्या प्राध्यापकांच्या मताला आणि तीस गुण नोकरी देणाऱ्यांच्या मताला असतात. उरलेले वीस संशोधन-निबंधांना, म्हणजे प्राध्यापकांनी लिहिलेल्या निबंधांचा इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा उल्लेख केला त्याला. शिकवणे कसे आहे, फी किती आहे, गरिबाचे मूल आत जाऊ शकते की नाही, बाहेर पडलेला वकील कोणाच्या बाजूने उभा राहतो, यांना एकही गुण नाही.

म्हणजे शंभरांतील ऐंशी गुण लौकिकाचे. लौकिक खोटाच असतो असे मी म्हणत नाही. गावातही चांगल्या वैद्याचे नाव चार गावांत जाते. पण वैद्याचे नाव काढणारा त्याच्याकडे औषध घेऊन आलेला असतो. लंडनमधील किंवा सिंगापुरातील प्राध्यापकाला परदेशांतील चांगल्या संस्थांची नावे लिहा म्हटले, तर तो ऐकलेली नावे लिहिणार. ज्या संस्थेचे लोक परिषदांना जातात आणि जिचे विद्यार्थी परदेशी कचेऱ्यांत दिसतात, तिचेच नाव त्याच्या कानावर गेलेले असणार. महाडच्या किंवा गडचिरोलीच्या कोर्टात कोण चांगला उभा राहतो, हे त्याच्या कानावर जाण्याचा मार्गच नाही.

दारातच अडकलेले

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. आपल्या पुष्कळ संस्था यादीत खालच्या क्रमांकावर आहेत असे नव्हे. त्या यादीच्या दारातच अडकतात.

मुंबईचे गव्हर्नमेंट लॉ कॉलेज 1855 साली निघाले. आशियातील सर्वांत जुने कायद्याचे महाविद्यालय म्हणून त्याची ख्याती आहे. पुण्याचे आयएलएस लॉ कॉलेज 1924 सालचे. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर तेथे शिकले. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले, आणि औद्योगिक कायद्यावरील त्यांचे निकाल आम्ही युनियनवाले आजही आदराने वाचतो. न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड हेही तेथलेच. पण ही दोन्ही महाविद्यालये विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि जागतिक यादी विद्यापीठांची असते. संलग्न महाविद्यालयाला तेथे स्वतःच्या नावाने जागा नाही. त्या मुलाला त्याच्या कॉलेजचे नाव सापडले नाही, त्याचे पहिले कारण हे.

मग राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे काय? बंगळूरचे पहिले 1987 साली निघाले. आज देशात अशी पंचवीसच्या आसपास आहेत, आणि 2014 च्या कायद्याने आपल्या राज्यातही मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे ती झाली. ही तर स्वतंत्र विद्यापीठे आहेत. पण 'टाइम्स'च्या सर्वसाधारण यादीचा नियम असा की, पाच वर्षांत निदान एक हजार संशोधन-निबंध हवेत, आणि एखाद्या विद्यापीठाचे ऐंशी टक्के किंवा अधिक संशोधन एकाच विषयातले असेल तर ते बाद होऊ शकते. केवळ कायदा शिकवण्यासाठी काढलेल्या विद्यापीठाने हा नियम कसा पाळावा? शांघायच्या यादीत तर शंभरांपैकी तीस गुण नोबेल पारितोषिके आणि गणिताची फील्ड्स पदके मिळविणाऱ्यांचे आहेत. विधिशास्त्राला नोबेलच नाही!

आमच्या भागात भात पायलीने मोजतात. गिरणीत सूत वजनाने घेत. पायली खोटी नव्हती आणि तराजूही खोटा नव्हता. पण पायलीने सूत मोजून "माल कमी भरला" म्हणून कामगाराची मजुरी कापली, तर आम्ही फाटकावर सभाच घेतली असती.

कायद्याचे लिखाण कोणासाठी?

कोणी म्हणेल, संशोधनाचे वीस गुण तरी निर्मळ आहेत. निबंध मोजा, उल्लेख मोजा, त्यात पक्षपात कसला? येथे कायद्याचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. रसायन महाडला आणि मँचेस्टरला एकच नियम पाळते. कायद्याचे तसे नाही. कुळकायदा, सातबारा, वारसनोंद, कंत्राटी कामगाराचे हक्क हे सारे देशापुरते, कधी कधी राज्यापुरते. त्यावर कोणी उत्तम लिहिले तरी त्याचा उल्लेख हेगमधील किंवा बोस्टनमधील प्राध्यापक करणार नाही, कारण त्याला ते लागतच नाही.

शिवाय हे उल्लेख मोजतात ते 'स्कोपस' नावाच्या एका खासगी नोंदवहीतून. तीत मुख्यतः इंग्रजी नियतकालिके असतात. आपल्या राज्यात 1998 च्या अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली. खालच्या कोर्टात अर्ज, जबाब आणि निकाल मराठीत व्हावेत, यासाठी जो शिक्षक मराठीत कायद्याचे चांगले पुस्तक लिहितो, तो हजारो पक्षकारांवर उपकार करतो. पण त्या नोंदवहीच्या दृष्टीने त्याने काहीच केलेले नसते.

एक मोठे उदाहरण सांगतो. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा खटला झाला. 'मथुरा प्रकरण' म्हणून तो देशाला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. तेव्हा 1979 साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. त्या पत्रावरून देशभर स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि 1983 साली संसदेला बलात्काराचा कायदा बदलावा लागला. पोलीस कोठडीतील अत्याचाराला वेगळे आणि कडक कलम आले. कायद्याच्या शिक्षकाने याहून मोठे काय करावे? पण ते पत्र होते, निबंध नव्हे. आजच्या हिशेबात त्या पत्राला काय गुण मिळाले असते, ते आपणच ठरवा.

दुसरी बाजू

पण युनियनच्या कामात मी एक धडा शिकलो आहे. मालकाचे माप खोटे आहे म्हणून ओरडण्याआधी आपण काम पुरे केले की नाही, ते पाहावे. नाही तर फाटकावरच्या सभेत आपलीच पंचाईत होते.

खरे सांगायचे तर आपल्या देशात दीड हजारांच्या वर कायद्याची महाविद्यालये आहेत, आणि त्यांतील कित्येकांत शिक्षक अपुरे, ग्रंथालय नावापुरते आणि हजेरी कागदावर अशी स्थिती आहे. तेथून बाहेर पडलेला मुलगा पहिल्या दिवशी साधा वकालतनामा भरताना चाचपडतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. याचे खापर लंडनच्या कंपनीवर फोडता येणार नाही.

आणि या यादीत भारताला शिरकावच नाही, असेही नाही. हरियानातील सोनीपतचे ओ. पी. जिंदाल ग्लोबल विद्यापीठ 2009 साली निघाले. क्यूएसच्या कायदा विषयाच्या यादीत ते 2021 साली 76 वे आणि 2022 साली 70 वे आले. लिहिणारे शिक्षक नेमले, परदेशांशी संबंध जोडले, त्याचे फळ मिळाले. हा त्यांचा उद्योग आहे, आणि उद्योगाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण केंद्र सरकारच्या 'एनआयआरएफ' या देशी क्रमवारीत 2018 पासून 2024 पर्यंत दर वर्षी कायद्यात पहिला क्रमांक बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा आहे. देश एकच, विषय एकच, आणि दोन मापे लावली की पहिला वेगळा निघतो. यावरून एवढेच सिद्ध होते की, क्रमांक हा संस्थेच्या अंगावरचा जन्मखूण नव्हे. ज्याने माप घेतले त्याच्या फूटपट्टीची ती खूण आहे.

ही तक्रार केवळ आपलीच नाही, हेही सांगितले पाहिजे. 2020 साली मुंबईच्या आयआयटीसह सात आयआयटींनी 'टाइम्स'च्या यादीतून अंग काढून घेतले. माप कसे घेता ते उघड करा, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत त्यांची स्वतःची एक देशी क्रमवारी आहे. तीत कायद्याच्या शाळांत वर्षानुवर्षे पहिली असलेली येल, आणि तिच्यासोबत हार्वर्ड, 2022 च्या नोव्हेंबरात बाहेर पडली. गोरगरिबांसाठी वकिली करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही मदत केली तर या यादीत आमचे नुकसान होते, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. पहिला क्रमांक असलेलाच असे म्हणतो, तेव्हा ती हरलेल्याची कुरकूर म्हणता येत नाही.

महाडचा दावा

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा दुसरा भाग. कायद्याचे महाविद्यालय चांगले कशाने ठरते? यासाठी मला लांब जाण्याची गरज नाही. आमच्या कापड्याहून पोलादपूर ओलांडून महाडला गेले की चवदार तळे आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब तेथे पाणी प्याले, हे सर्वांना माहीत आहे. पुढे काय झाले, ते फार थोड्यांना ठाऊक असते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात काही सवर्ण गृहस्थांनी महाडच्या कोर्टात दावा लावला की, तळे खासगी आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरू नये अशी पूर्वापार वहिवाट आहे. तो दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. अखेर मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही. त्या वेळी बाबासाहेब गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य होते. 1935 च्या जूनमध्ये त्यांनी ती जागा घेतली होती.

सत्याग्रहाने तळ्याची वाट मोकळी केली आणि कायद्याने ती मोकळी ठेवली. कागद, साक्षी, वहिवाट आणि पुरावा या रुक्ष गोष्टींवर हजारो माणसांच्या पाण्याचा हक्क टिकला. कायद्याचे शिक्षण कशासाठी, याचे उत्तर मला तरी त्या तळ्याच्या काठावर मिळते.

आणि हे जुन्या काळचेच आहे असे समजू नका. 2021 च्या जुलैत दरडी कोसळल्या. महाड तालुक्यात तळिये, आमच्या पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथे घरेच्या घरे गाडली गेली. अशा आपत्तीत माणसे जातात आणि त्यांच्याबरोबर कागदही जातात. मग वारसाचा दाखला, सातबारावरची नोंद, नुकसानभरपाईचा अर्ज, बँकेतले पैसे, यांसाठी मागे उरलेल्यांना हिंडावे लागते. त्या वेळी माणसाला त्याच्या भाषेत बोलणारा आणि परवडणारा वकील लागतो. तो कोणत्या महाविद्यालयाने घडविला, हे कोणती यादी विचारते?

यात आपले काय जाते?

कोणी म्हणेल, याद्या छापोत बापडे, आपले काय बिघडते? बिघडते. कारण ही यादी आता सरकारी कागदात शिरली आहे. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आपल्या राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राचीही तशीच आहे. त्यांत परदेशी विद्यापीठ क्यूएस यादीत ठराविक क्रमांकाच्या आत असावे, अशी अट घातली गेली. परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढू देण्याचे जे नियम 2023 साली झाले, त्यांतही पहिल्या पाचशेंत असण्याची कसोटी आहे. एका खासगी कंपनीची फूटपट्टी अशी राज्याची फूटपट्टी झाली. ती कंपनी विद्यापीठांना सल्ला विकण्याचाही धंदा करते, हे ध्यानात ठेवले म्हणजे चिंता वाढते. परीक्षकानेच शिकवणी लावली, तर शाळेत आपण त्याला काय म्हणू?

दुसरे नुकसान घरात होते. हुशार मुलाला वाटते, यादीत नाही ते कॉलेज कमअस्सल. मग राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवे. त्याची 'क्लॅट' ही प्रवेशपरीक्षा इंग्रजीत, तिच्या नुसत्या अर्जालाच चार हजारांच्या आसपास रुपये, आणि आत गेल्यावर वर्षाची फी लाखांत. राज्याची कायद्याची सीईटी मराठीतही देता येते. पण तिच्यातून जी महाविद्यालये मिळतात, ती यादीत नसतात. म्हणजे ज्या दारातून आमच्या वाडीचे मूल आत जाऊ शकते, त्या दारावरच कोणी तरी "हलका माल" अशी पाटी लावून ठेवली आहे. माझी खरी तक्रार ही आहे.

तेव्हा माझी मागणी थोडी आहे. याद्या बंद करा असे मी म्हणत नाही. ते आपल्या हातात नाही. संशोधनाचा लौकिक पाहावयाचा असेल त्याने ती यादी जरूर पाहावी. त्यापुरती ती खरी आहे. पण सरकारने शिष्यवृत्ती त्या एका आकड्यावर टांगू नये; विषय आणि अभ्यासक्रम पाहावा. आपल्या देशी क्रमवारीत समावेशकतेला जागा आहे, ही चांगली गोष्ट आहे. तीत आणखी विचारावे की, किती मुले मातृभाषेत शिकून आली, किती जण तालुक्याच्या कोर्टात उभे राहतात, मोफत कायदेसाहाय्याचे केंद्र खरोखर उघडे असते की त्याला कुलूप असते. आणि महाविद्यालयांनीही यादीला शिव्या देत बसू नये. संसदेने 2019 आणि 2020 साली चार कामगार संहिता केल्या. त्या कामगाराला समजतील अशा मराठीत लिहून काढण्याचे काम कोणत्याही महाविद्यालयाला क्रमांकाची वाट न पाहता करता येण्याजोगे आहे.

त्या मुलाला मी काय सांगणार, ते सांगून पुरे करतो. बाळ, ते कॉलेज यादीत नाही, याचा अर्थ ते वाईट असा नव्हे, आणि चांगले असाही नव्हे; यादीने त्याला विचारलेलेच नाही. तेव्हा तूच जाऊन विचार. शिक्षक तासाला येतात का, ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते का, मुलांना कोर्टात नेतात का, आणि गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले आज कोठे उभी आहेत. यांची उत्तरे पटली तर खुशाल नाव घाल. परदेशी जायची संधी आली तर तीही सोडू नकोस. बाबासाहेबही कोलंबियाला आणि लंडनला जाऊन आले. पण ते परत आले आणि महाडला आले, हेही विसरू नकोस.

मे महिन्यात मी पुन्हा कापड्याला जाणार आहे. सीईटीचा निकाल लागला असेल. त्याने कोणते कॉलेज धरले, ते मी त्याला विचारीन. क्रमांक विचारणार नाही.